फोर्टिगेट ४०एफ: फायबर तुटते, वॅनचा दिवा हिरवाच राहतो

ओएनटीवर, म्हणजे फायबर कंपनीच्या डब्यावर, एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लुकलुकतोय. शेजारच्या फोर्टिगेटवर, म्हणजे ऑफिस आणि नेट यांच्यामधल्या फायरवॉलवर, बाहेरच्या लाइनीच्या वॅन पोर्टचा हिरवा दिवा मात्र काहीच घडलं नसल्यासारखा चालू आहे. बाहेर आठवडी बाजार भरलेला, काउंटरवर पैसे काढायच्या स्लिपांची चळत, आणि स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. बॅकअपचा फोरजी राउटर लावलेला आहे, सिमला रिचार्ज आहे, तरी नेट गेलंच. तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत, जिनिंगमध्ये किंवा बाजार समितीत ‘दोन लाइनी असून नेट बंद’ अशी ओरड होते, तेव्हा बहुतेक वेळा मामला या दोन दिव्यांचाच असतो. फायबर तुटली ती ओएनटीच्या पलीकडे, रस्त्यावर कुठेतरी. ओएनटी ते फायरवॉल ही हातभर वायर शाबूत आहे. फायरवॉलला तेवढीच दिसते, आणि तेवढ्यावरून तो लाइन जिवंत समजतो.

फोर्टिनेटचा फोर्टिगेट ४०एफ या कामाला कसा आहे, तर चांगला आहे. पण डब्यातून काढून दोन वायरी खोचल्या की झालं, असा तो नाही. ‘लाइन मेली’ म्हणजे नेमकं काय, हे त्याला आपणच शिकवावं लागतं.

यंत्र छोटं आहे, टेबलावर मावतं. गिगाबिटचे पाच पोर्ट: एक वॅन, १ ते ३ हे लॅनचे (ऑफिसच्या आतल्या जाळ्याचे), आणि ‘ए’ नावाचा पाचवा, जो कंपनीच्या स्वतःच्या स्विचसाठी राखलेला येतो. पंखा नाही. जिनिंगमध्ये ही मोठीच सोय, कारण रुईचे बारीक तंतू पंख्यात जाऊन बसले की सहा महिन्यांत पंखा जाम होतो. इथे फक्त जाळीवरचा थर महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडायचा. सगळी तपासणी चालू ठेवून कंपनी ६०० एमबीपीएसचा आकडा देते. गावातली फायबर बहुधा ५० ते २०० एमबीपीएसची असते, त्यामुळे वेगाची चिंता नाही. मेमरी मात्र २ जीबीच आहे. तिच्याबद्दल पुढे.

दोन लाइनींचं काम त्यातलं एसडी-वॅन, म्हणजे कोणता डेटा कोणत्या लाइनीने जाईल ते ठरवणारी सोय, करतं, आणि त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. विकणाऱ्याने ‘एसडी-वॅनचे वेगळे पैसे’ सांगितले तर थेट विचारा, नेमके कशाचे? अँटिव्हायरस, आयपीएस (घुसखोरी रोखणारी सोय), वेब फिल्टर यांची वार्षिक वर्गणी लागते, ती निराळी गोष्ट.

मांडणीत पहिली अडचण पोर्टची. वॅन एकच आहे, म्हणून दुसऱ्या लाइनीसाठी लॅनचा एक पोर्ट मोकळा करावा लागतो. तिन्ही लॅन पोर्ट मुळात एकाच हार्डवेअर स्विचमध्ये बांधलेले असतात. इंटरफेसच्या पानावर त्या स्विचमधून ३ नंबर काढून टाकला की तो सुटा इंटरफेस म्हणून दिसू लागतो. त्याला ‘फोरजी’ असं नाव द्या, डीएचसीपीवर ठेवा (म्हणजे पत्ता राउटरकडून आपोआप मिळतो), राउटरची वायर त्यात लावा.

लगेच दुसरी अडचण येते, आणि ती पत्त्यांची असते. फोर्टिगेटची लॅन मुळात १९२.१६८.१.९९ वर असते, आणि पुष्कळ ओएनटी व फोरजी राउटर १९२.१६८.१.१ वर. एकच सबनेट (पत्त्यांचा एकच गट) दोन इंटरफेसवर फोर्टिगेट घेत नाही. म्हणून कशालाही हात लावण्याआधी कागदावर तीन पत्ते लिहून काढा: ऑफिसची लॅन १९२.१६८.५०.०, ओएनटी १९२.१६८.१.०, फोरजी राउटर १९२.१६८.८.०. ऑफिसमधल्या प्रिंटरला आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला जुना पत्ता हाताने दिलेला असतो. तोही त्याच दिवशी बदला, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंट निघत नाही आणि खापर नव्या फायरवॉलवर फुटतं.

एसडी-वॅनमध्ये मेंबर, म्हणजे लाइनींचे पोर्ट, जोडायला गेलं की यादीत वॅन पोर्ट सापडत नाही. कारण साधं आहे. यंत्रासोबत आलेली लॅन-ते-वॅन पॉलिसी (कुठून कुठे काय जाऊ द्यायचं याचा नियम) त्याला धरून बसलेली असते. ती काढा, मग पोर्ट यादीत येतो. यंत्राच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्ती ७.० पासून चालू इंटरफेस त्याच्या पॉलिसींसकट एसडी-वॅनमध्ये हलवणारा विझार्डही आहे. चालू असलेल्या ऑफिसात तो वापरलेला बरा. मेंबर झाले की ०.०.०.० चा डिफॉल्ट रूट (बाहेरच्या सगळ्या पत्त्यांचा रस्ता) एसडी-वॅन झोनकडे (मेंबरांच्या गटाकडे) वळवा आणि लॅनमधून त्या झोनकडे जाणारी पॉलिसी एनएटीसकट (आतल्या पत्त्यांच्या जागी बाहेरचा पत्ता लावायची सोय) नव्याने लिहा. इथवर आलं की दोन्ही लाइनी चालू दिसतात, आणि बसवणारा बहुतेक वेळा इथेच चहा पिऊन निघून जातो.

खरं काम त्यानंतरचं. आपण नियम लिहिला नाही, तर एसडी-वॅनचा अंगभूत नियम लागू होतो, आणि तो कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून दोन्ही लाइनींत वाटप करतो. म्हणजे फायबर धडधाकट असतानाही निम्मे कॉम्प्युटर फोरजीवरून चालतात. दुपारपर्यंत सिमचा दिवसाचा डेटा संपतो, आणि संध्याकाळी फायबर तुटते तेव्हा बॅकअप नावालाच उरतो. उपाय दोन मिनिटांचा आहे. मॅन्युअल प्रकारचा एक नियम लिहा: सोर्स सगळे, डेस्टिनेशन सगळे, इंटरफेसचा क्रम आधी वॅन, मग फोरजी. पहिला जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला कुणी शिवत नाही.

आता जिवंत कोण, मेलेला कोण, हे ठरवणारा भाग. त्याचं नाव परफॉर्मन्स एसएलए. त्यात पिंगसाठी (उत्तर येतं का बघायच्या छोट्या हाकेसाठी) ओएनटीचा पत्ता टाकला, तर सुरुवातीच्या त्या हिरव्या दिव्याचीच चूक पुन्हा होते. रस्त्यावर काहीही तुटो, ओएनटी उत्तर देतच राहतं. पत्ता बाहेरचाच हवा. ८.८.८.८ आणि १.१.१.१ असे दोन द्या, म्हणजे त्यातल्या एकाकडे अडचण आली तरी लाइन उगाच मेलेली ठरत नाही. मूळ सेटिंग ५०० मिलिसेकंदांनी एक पिंग, लागोपाठ ५ चुकले की मृत, लागोपाठ ५ बरोबर आले की पुन्हा जिवंत. म्हणजे अडीच सेकंदांत निकाल. शहरातल्या लीज्ड लाइनला हे ठीक. आपल्याकडच्या खांबावरून लोंबत आलेल्या फायबरला, जिचा जोड वाऱ्यात हलतो, हे फार चिडकं होतं. लाइन येते-जाते, येते-जाते, आणि प्रत्येक वेळी सत्र (चालू जोडणी) तुटून कोअर बँकिंगमध्ये पुन्हा लॉगिन करावं लागतं. त्यापेक्षा पिंग १००० मिलिसेकंदांनी ठेवा, चुकण्याची संख्या ५ राहू द्या, आणि परत येण्याची संख्या ६० करा. लाइन जाताना पाच-सहा सेकंदांत बदलते. परतताना सलग मिनिटभर नीट चालल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नाही. रुसून गेलेल्याला दारातूनच आत घ्यायचं नाही, थोडा वेळ ओसरीवर बसवायचं.

या पिंगलाही डेटा लागतो. सेकंदाला एक या हिशेबाने दिवसाला ८६,४०० पिंग, जाऊन-येऊन साधारण दहा-बारा एमबी, आणि पत्ते दोन असले तर दुप्पट. दिवसाला दीड जीबीच्या सिमला हे चालून जातं. पण ‘फक्त अडीनडीला’ म्हणून घेतलेल्या लहान डेटा पॅकचा फडशा नुसत्या पिंगमध्येच पडतो.

एक घोळ मात्र पिंगने सापडत नाही. बऱ्याच प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. पिंगला तेवढा वेग पुष्कळ झाला, म्हणून फायरवॉलच्या लेखी लाइन ठणठणीत. माणसाच्या लेखी पान उघडत नाही. म्हणून फोरजीवर काय जाऊ द्यायचं, हे आधीच आवळून ठेवायला हवं. त्यासाठी दोन्ही लाइनी एकाच झोनमध्ये न ठेवता ‘फायबर’ आणि ‘फोरजी’ असे दोन झोन करा, आणि डिफॉल्ट रूटमध्ये दोन्ही झोन द्या. मग पॉलिसी वेगवेगळ्या लिहिता येतात. फायबरकडे सगळं खुलं. फोरजीकडे फक्त कोअर बँकिंग, आधार पडताळणी, मेल, टॅलीचं रिमोट. डीव्हीआर, विंडोज अपडेट, यूट्यूब यांना फोरजीचा दरवाजा बंदच. डीव्हीआर सर्वांत खादाड. मोबाइलवर कॅमेरे बघायची सोय चालू असेल तर तो एका दिवसात सिम रिकामं करतो.

याला जोडूनच सर्वांत कमी माहीत असलेली सेटिंग आहे. फायबर परत आली, नवी सत्रं तिच्यावरून सुरू झाली, पण आधीच फोरजीवर चढलेली सत्रं तिथेच राहतात. एनएटी झालेलं सत्र, त्याचा रूट जिवंत असेपर्यंत, फोर्टिगेट स्वतःहून हलवत नाही. रिमोट डेस्कटॉपसारखं लांबलचक सत्र मग तासन्‌तास सिमचा डेटा खात बसतं, आणि एसडी-वॅनच्या पानावर मात्र सगळं आलबेल दिसतं. सिस्टिम ग्लोबलमध्ये ‘स्नॅट-रूट-चेंज’ नावाची सेटिंग मुळात बंद असते, ती चालू करा. ती फक्त कमांड लाइनवर आहे. चालू केल्यावर परतताना ती सत्रं तुटतात आणि नव्याने जोडली जातात, म्हणजे एक लॉगिन वाढतं. ते परवडतं.

पतसंस्थांसाठी वेगळा मुद्दा आयपीचा. कोअर बँकिंगचा सर्व्हर पुष्कळ ठिकाणी ठरावीक सार्वजनिक आयपीवरूनच आत घेतो. फायबरला स्थिर आयपी विकत घेतलेला असतो. फोरजीला तो नसतो, मोबाइल कंपनी हजारो ग्राहकांना एका आयपीच्या मागे बसवते. मग काय होतं, तर गूगल उघडतं, मेल येते, आणि नेमकं बँकिंगच उघडत नाही. उपाय म्हणजे मुख्य कार्यालयाच्या फायरवॉलपर्यंत आयपीसेक टनेल (नेटमधूनच काढलेला कुलूपबंद खासगी रस्ता) आणि बँकिंगचा रस्ता त्या टनेलमधून. टनेल दोन बांधा, एक वॅनवरून, एक फोरजीवरून. फोरजीवरची सुरुवात नेहमी शाखेकडून व्हायला हवी आणि मुख्य कार्यालयाच्या बाजूला ती डायल-अप प्रकारची (हाकेची वाट बघणारी) असावी, कारण बाहेरून आत या आयपीला कुणी हाक मारूच शकत नाही. एनएटी ट्रॅव्हर्सल (एनएटीच्या पलीकडे टनेल पोचवणारी सेटिंग) चालू ठेवा. फोरजीवर काही साइट अर्ध्याच उघडून अडकतात, तेव्हा पॅकेटचा आकार मोठा होत असतो. त्या पॉलिसीत टीसीपी-एमएसएस (एका पॅकेटातल्या डेटाची कमाल मर्यादा) १३६० केलं की बहुतेक वेळा सुटतं.

डीएनएसचंही (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचंही) बघा. कॉम्प्युटरना फायबर कंपनीचा डीएनएस दिलेला असेल, तर लाइन बदलल्यावर तो दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यातून उत्तर देईलच असं नाही. नेट आहे पण साइट उघडत नाही, अशी विचित्र अवस्था येते. कॉम्प्युटरना डीएनएस म्हणून फोर्टिगेटचाच पत्ता द्या, आणि त्याला सार्वजनिक डीएनएस.

आता यंत्राबाहेरची गोष्ट, जी फायरवॉलपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. दोन बिलं म्हणजे दोन लाइनी नव्हेत. गावाकडच्या मोबाइल टॉवरला येणारी फायबर आणि आपल्या दुकानाला येणारी फायबर कित्येकदा एकाच रस्त्याच्या कडेने, एकाच चरातून येते. रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी एकदा फावडं घालतो आणि दोन्ही एकत्र मरतात. हे ओळखायची सोपी खूण आहे: पुढच्या वेळी फायबर तुटेल तेव्हा मोबाइलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचा डेटा चालवून बघा. ज्या कंपनीचा डेटा चालू राहतो, तिचं सिम बॅकअपला घ्या. सगळ्याच कंपन्या एकदम बसत असतील, तर दहा-पंधरा किलोमीटरवरच्या मोठ्या गावातून हवेतून येणारी रेडिओ लिंक मिळते का ते शोधावं लागेल.

फोरजीसाठी ४०एफचं यूएसबी पोर्ट आहे, पण त्याला चालणाऱ्या डोंगलची यादी मर्यादित. मोबाइल दुकानातलं कुठलंही डोंगल लावून चालेलच असं धरू नका. ४०एफ-३जी४जी या मॉडेलमध्ये मोडेम आतच असतो. दिसायला सुटसुटीत, पण आपल्याकडे फायरवॉल ठेवतात लोखंडी कपाटात, आणि तिथे सिग्नल पोचत नाही. त्यापेक्षा वायरने जोडायचा वेगळा फोरजी राउटर खिडकीपाशी किंवा माडीवर ठेवलेला कितीतरी बरा. त्याच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) बघा: उणे ९५ च्या आसपास असेल तर छान, उणे ११० च्या खाली गेला तर बाहेरचा अँटेना लागेल. बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) राउटर विकत घेतानाच तपासा. बीएसएनएलचं फोरजी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं, म्हणजे बँड २८. राउटरला तो नसेल तर टॉवर समोर दिसत असूनही दांड्या कमी दिसतील.

उन्हाळा हा ४०एफचा कच्चा दुवा. कंपनी चालण्याची मर्यादा ४० अंश सेल्सिअस देते. चंद्रपूर, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या छपराखालच्या बंद कपाटात किती असेल याचा अंदाज करा. यंत्र लगेच बंद पडत नाही, पण अ‍ॅडॅप्टर आधी दम तोडतो. कपाटाचं दार काढून टाका, भिंतीवर कमरेच्या उंचीला बसवा, छताजवळ नको. आणि कूलरच्या झोतात तर मुळीच नको. ओली हवा आणि त्यातले क्षार पोर्टच्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसवतात, मग वायर हलवली की लाइन येते आणि सोडली की जाते.

विजेचा हिशेब: ४०एफ साधारण १५ वॅट, ओएनटी आणि फोरजी राउटर प्रत्येकी दहाच्या आसपास, लहान स्विच पाच. सगळं मिळून ४० ते ४५ वॅट. ६०० व्हीएचा साधा यूपीएस नव्या बॅटरीवर तासाभराच्या आसपास खेचतो. कॉम्प्युटर त्याच यूपीएसवर लावले तर दहा मिनिटं. फायरवॉलचा अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्ट ३ अँपियरचा आहे, म्हणून राउटरसाठी मिळणारा २ अँपियरचा मिनी यूपीएस त्याला घेऊ नका. भारनियमन लांबलं की केबलवाल्याच्या दुकानातल्या ओएलटीची (सगळ्या ओएनटींना सिग्नल देणाऱ्या यंत्राची) बॅटरीही संपते आणि इकडे एलओएसचा दिवा लाल होतो. लाल दिवा म्हणजे वायर तुटलीच, असं नाही. ‘लाइट आली का भाऊ तुमच्याकडे?’ हा पहिला प्रश्न विचारायचा. माडीवरच्या राउटरची वायर तांब्याची असते. जूनच्या विजांत तिच्यातून झटका थेट फायरवॉलमध्ये उतरतो, म्हणून मध्ये सर्ज प्रोटेक्टर आणि त्याला खरीखुरी अर्थिंग हवी.

२ जीबी मेमरीची अडचण इथे सांगतो. आवृत्ती ७.४.४ पासून २ जीबीच्या मॉडेलमधून प्रॉक्सी पद्धतीच्या (डेटा आधी अडवून मग तपासणाऱ्या) तपासण्या काढल्या गेल्या, आणि ७.६.० पासून एसएसएल व्हीपीएनही (बाहेरून ऑफिसच्या जाळ्यात शिरायची सोय). घरून एसएसएल व्हीपीएनने काम करणारा अकाउंटंट असेल, तर अपडेटचं बटण दाबण्याआधी त्याला आयपीसेकवर हलवा. मेमरी ८८ टक्क्यांवर गेली की यंत्र कॉन्झर्व्ह (मेमरी वाचवायच्या) मोडमध्ये शिरतं आणि नेट अडखळतं. फ्लो पद्धतीच (डेटा जाता जाता तपासणारी) तपासणीला ठेवा, आणि लागत नाहीत ती प्रोफाइलं लावू नका. वेब फिल्टरची वर्गणी संपली तर पानं रेटिंग एररने अडतात. लोकांना वाटतं लाइन गेली.

चाचणी वॅनची वायर उपटून करू नका; ती उपटली तर कुठलाही राउटर लाइन बदलून दाखवील. ओएनटीच्या मागचा हिरवा फायबर कनेक्टर काढा (त्याच्या टोकात डोळा घालू नका, आणि लगेच टोपी लावा). एका कॉम्प्युटरवर सतत पिंग चालू ठेवा. पाच-सहा सेकंद उत्तरं चुकली आणि पुन्हा सुरू झाली, तर मांडणी बरोबर. मग कनेक्टर परत लावा, ओएनटी उभं राहिल्यावर मिनिटभर थांबा आणि फोरजी राउटरच्या पानावर डेटाचा आकडा वाढायचा थांबला का ते बघा. ही चाचणी महिन्यातून एकदा करा, शनिवारी काम आटोपल्यावर. लाइन बदलली की मेल यावी अशी ऑटोमेशनची सोय यंत्रात आहे, ती लावा. नाहीतर फायबर सोमवारी तुटते, ऑफिस बिनबोभाट फोरजीवर चालत राहतं, आणि कळतं ते गुरुवारी, सिम संपल्यावर. सिमच्या रिचार्जची तारीख राउटरवरच चिकटवा; २८ दिवसांचा प्लॅन महिन्याच्या हिशेबाने चुकतोच.

कोणी घ्यावा? दोन-तीन शाखांची पतसंस्था, जिनिंग, मोठी बाजार समिती, कॉलेज: घ्या. दोन कॉम्प्युटरच्या सेतू केंद्राला ४०एफ म्हणजे बोरं आणायला ट्रॅक्टर. त्यांना टीपी-लिंकच्या ईआर६०५ सारखा एकाहून जास्त वॅनचा राउटर पुरतो, फक्त लाइन जिवंत आहे का याची तपासणी तिथेही बाहेरच्या पत्त्यावरच लावायची. मिक्रोटिक कंपनीचा राउटर स्वस्त आणि मजबूत, पण गावात तो समजणारा माणूस असेल तरच.

घेताना यंत्राची नोंदणी विक्रेत्याच्या ईमेलवर होऊ देऊ नका, संस्थेच्या ईमेलवरच करा. नाहीतर पुढच्या वर्षी वर्गणी दुसऱ्याकडून घ्यायची म्हटली की आधी नोंदणी बदलून घ्यायच्या खेपा सुरू होतात. बिलावरचा सिरीयल नंबर आणि यंत्राच्या तळाशी चिकटवलेला नंबर दुकानातच, पैसे देण्याआधी जुळवून बघा.